साखर बंद केली तर मेंदूतली गाठ उपाशी मरेल का?

वडिलांना ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग) आहे, नातेवाईक म्हणतात ‘साखर-भात तोडा, गाठ आपोआप सुकेल’, आणि हे खरं का असं तुम्ही विचारलंय. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. थेट सांगते: गाठ अशी सुकत नाही.

ही समजूत हवेतून आलेली नाही. कर्कपेशी ऑक्सिजन असतानाही भरमसाट ग्लुकोज फोडून लॅक्टेट बनवतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं होतं. पण निरोगी मेंदूही काही कमी खादाड नाही. वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, आणि ग्लुकोज खातो सुमारे 20 टक्के. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये, म्हणजे ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ देऊन तो कुठे जमतो ते पाहण्याच्या तपासणीत, चांगला मेंदूच इतका उजळतो की गाठ नीट ओळखू येत नाही. त्याऐवजी अमिनो आम्लाचा (प्रथिनांच्या घटकाचा) ट्रेसर, म्हणजे खुणेचा पदार्थ, दिला की मात्र ती उठून दिसते.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या शिरेतून खुणेचा कार्बन असलेलं ग्लुकोज सोडलं आणि काढलेल्या ऊतीत तो कार्बन कुठे पोहोचला ते तपासलं. त्यांचं काम 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. निरोगी मेंदूत तो ऊर्जेसाठी आणि चेतापेशींच्या संदेशरसायनांसाठी खर्ची पडला होता. गाठीत तो डीएनए-आरएनएच्या घटकांकडे वळला होता. शिवाय मेंदू सेरीन हे अमिनो आम्ल ग्लुकोजपासून स्वतः तयार करतो, गाठ मात्र ते बाहेरून ओढते. सेरीन वगळलेल्या आहारावर उंदरांमधली गाठ मंदावली. पण म्हणून घरी हा प्रयोग करू नका! डाळ, दूध, अंडी, मासे, सगळ्यांत सेरीन असतं.

आणि साखर तोडली तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतं, त्यासाठी स्नायूंतली प्रथिनंही मोडतात. गाठीला मिळायचं ते मिळतच राहतं, वडिलांचे दंड-मांड्या तेवढ्या झिजतात. रेडिएशन चालू असताना मला याचीच सर्वात जास्त धास्ती वाटते.

साखरेकडे लक्ष द्यायचं ते दुसऱ्या कारणासाठी. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर रक्तशर्करा चढते, सकाळची गोळी असेल तर बहुतेकदा दुपारी-संध्याकाळी. सकाळची उपाशीपोटीची तपासणी नॉर्मल येते आणि सगळे निश्चिंत होतात. तेव्हा दुपारच्या जेवणानंतरचीही तपासणी करायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. तोवर ताटातला वरण-भात काढू नका.