इस्तंबूलमधील एक रविवार

प्रश्न: युरोपहून परतताना आम्हा उभयतांना इस्तंबूलमध्ये एकच दिवस, तोही रविवार, मिळणार आहे. काय पाहावे आणि नातेवाइकांसाठी काय आणावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर: रविवारी प्रसिद्ध ग्रँड बाजार बंद असतो, म्हणून त्याचा मोह सोडावा. सकाळी लवकर सुलतानअहमत भागात जाऊन इ.स. ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण झालेली, पुढे मशीद आणि मग संग्रहालय झालेली आया सोफिया ही वास्तू पाहावी; २०२० पासून तेथे पुन्हा मशीद असल्याने परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जातून ती पाहावी लागते आणि स्त्रियांना डोके झाकावे लागते. समोरची निळी मशीद नमाजाच्या वेळा टाळून पाहावी.

तेथून ट्रामने एमिनोन्यूला उतरल्यास मसाल्यांचा बाजार जवळच आहे. लोकुम ही तेथील मिठाई चाखून, वजनावर घ्यावी आणि प्रवासासाठी हवाबंद बांधून मागावी. मात्र तेथे ‘तुर्की केशर’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पाकळ्या बहुधा आपल्या करडईच्याच असतात, आणि सांगलीकराने करडई तुर्कस्तानातून आणावी, हे काही बरे दिसत नाही! जुन्या वस्तूंच्या फंदात पडू नये, कारण पुरातन वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेणे हा तेथे गुन्हा आहे.