वकील म्हणतात "रिपोर्टेड केस आहे". हा रिपोर्ट नक्की कसला?

तुम्ही लिहिलंय की वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा आहे आणि वकिलांनी तुमच्या बहिणीला सांगितलं, "काळजी नको, रिपोर्टेड केस आहे," आणि कागदावर लिहून दिलं: (2020) 9 एससीसी 1. तुम्हाला वाटलं, पोलिसांत कुणी रिपोर्ट दिला की काय. तसं काही नाही.

मात्र घोळ होणं साहजिक आहे. फौजदारी कायद्यात दोषारोपपत्रालाही 'पोलीस रिपोर्ट' म्हणतात. तुमच्या वकिलांचा रिपोर्ट म्हणजे सुप्रीम कोर्टाचे आणि हायकोर्टांचे निकाल छापणारी मालिका. त्या कागदाचा अर्थ: एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस) मालिका, 2020 सालचा नववा खंड, पान 1. तिथे विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल आहे. हाच निकाल नागपूरच्या एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) या मालिकेतही सापडेल, फक्त पत्ता वेगळा.

उपयोग काय? घटनेच्या कलम 141 प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागतो. मुलींना समान हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली; त्या दिवशी वडील हयात नव्हते म्हणून मुलीला सहदायिकीचा (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मिळणारा) हक्क नाही, हा युक्तिवाद या निकालाने संपवला. बंधनकारक असतो तो निकाल. तो कुठल्या पुस्तकात छापला, याने फरक पडत नाही.

आता खरी मेख. फुलावती खटल्यात 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी नेमकं उलट म्हटलं होतं, आणि तोही निकाल रिपोर्टांत छापलेला आहे. 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींनी तो रद्दबातल ठरवला. पण कपाटातल्या जुन्या खंडाला ते कुठून कळणार? ज्युनिअर असताना मीही असाच एक मोडीत निघालेला निकाल ऐटीत वाचून दाखवला होता. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "वकीलसाहेब, हा अजून जिवंत आहे का?" त्या दिवशी बाररूममध्ये चहा गोड लागला नाही.

दुसरं, निकालाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात हेडनोट असते. ती म्हणजे निकालाचा सारांश; तो संपादकाने केलेला असतो, न्यायाधीशांनी नाही. तिच्यावर विसंबू नका.

आणि निकाल तुमच्या हकिकतीला लागू पडायला हवा. याच निकालात 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. तेव्हा वकिलांना आधी घरातला जुना वाटणीपत्राचा दस्त दाखवा, असला तर. निकाल स्वतः वाचायचा असेल तर सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर फुकट मिळतो.