बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाचे नियम शिकता येतील का?

पाया नक्की शिकता येईल, पण टेबलावर बसाल तेव्हा काही सवयी मोडाव्या लागतील, कारण गेम बनवणाऱ्या लॅरियनने डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम जसेच्या तसे घेतलेले नाहीत. मी दोन्ही खेळतो. सगळ्यात जास्त गोंधळ वीस बाजूंच्या फाशावरच्या २० वरून होतो. समजा, कुलूप उघडायला ३० हवेत आणि तुमची भर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) ५ आहे. टेबलावर २० पडले तरी बेरीज २५, म्हणजे कुलूप बंदच. गेममध्ये मात्र २० पडले की थेट यश आणि १ पडला की थेट अपयश. मूळ नियमांत हे फक्त हल्ल्याच्या फाशाला लागू आहे. शिवाय गेममधले ‘कार्मिक डाइस’ सलग वाईट फासे टाळतात. ते सेटिंग्जमधून बंद करा, म्हणजे खऱ्या फाशाचा अंदाज येईल.

हे फरकही लक्षात ठेवा:
- ढकलणं: गेममध्ये बोनस अ‍ॅक्शन (पाळीतल्या मुख्य अ‍ॅक्शनशिवायची छोटी कृती), टेबलावर एका हल्ल्याच्या बदल्यात.
- उडी: गेममध्ये बोनस अ‍ॅक्शन जाते, टेबलावर फक्त चालण्याचं अंतर.
- औषध पिणं: २०१४ च्या नियमांत पूर्ण अ‍ॅक्शन लागायची, २०२४ च्या सुधारित नियमांत तीही गेमसारखी बोनस अ‍ॅक्शन झाली. त्यामुळे तुमचा गट कोणतं पुस्तक वापरतो ते आधी विचारा.

अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं), कॉन्सन्ट्रेशन (लक्ष केंद्रित करून मंत्र टिकवणं), आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) हे मात्र बिनधास्त गेममधूनच शिका.