कुजणाऱ्या लाकडावर आलेली बुरशी नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की पावसात पडून राहिलेल्या ओंडक्यावर एका बाजूला हिरवी भुकटी आहे, मधे छोटे पांढरट पंखे आलेत आणि खालच्या टोकाला पिवळा, फेसासारखा ओला थर दिसतोय. रंगावरून शोधलं तरी नाव सापडत नाहीये. रंगावरून सापडणं कठीणच आहे. एकच बुरशी कोवळेपणी पांढरी असते आणि पिकली की हिरवी होते, आणि एकमेकींशी काहीही नातं नसलेल्या कितीतरी बुरशी एकाच छटेच्या असतात. मी बरीच वर्षं पडलेली झाडं न्याहाळत आलोय. मला खरा उपयोग झाला तो लाकूड कसं कुजलंय ते पाहण्याचा आणि बुरशी उलटी करून पाहण्याचा.

लाकडापासून सुरुवात करा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. वरचा थर पुसल्यावर आतलं लाकूड टणक लागलं, तर तो नुसता बुरा आहे. तो पृष्ठभागावरच्या साखरेवर आणि पिष्टावर जगतो, लाकडाची ताकद फारशी कमी करत नाही. टोक सहज आत गेलं तर कुजवणारी बुरशी आत पोचलेली आहे. लाकूड तपकिरी होऊन आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटत असेल आणि बोटांत चुरडल्यावर पूड होत असेल, तर ती तपकिरी कुज. या बुरशी सेल्युलोज, म्हणजे लाकडाचे धागे बनवणारा पदार्थ, खातात आणि त्या धाग्यांना बांधून ठेवणारं लिग्निन बहुतांशी मागे ठेवतात. लाकूड फिकट, मऊ होऊन त्याचे धागे सुटत असतील तर ती पांढरी कुज, म्हणजे लिग्निनही खाल्लं जातंय. एवढ्यावरून निम्म्या शक्यता गळतात. कापलेल्या लाकडात शाईने काढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा दिसल्या तर त्या जपून बघा. बहुतेकदा शेजारशेजारच्या दोन बुरशींनी आपापल्या हद्दीवर घातलेली ती कुंपणं असतात. मला ओंडक्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

मग खालची बाजू. सुरुवातीची दोन वर्षं मी तपकिरी-करड्या पट्ट्यांचा प्रत्येक पातळ पंखा ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या बुरशीच्या नावाने वहीत लिहीत होतो. नंतर उलटे करून पाहिले, तर अनेकांची खालची बाजू साफ गुळगुळीत निघाली. ते स्टेरियम या दुसऱ्याच बुरशीचे होते. ट्रॅमेटीसच्या खाली बारीक छिद्रं असतात, मिलिमीटरला साधारण चार-पाच, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर ती स्पष्ट दिसतात. सगळी वही पुन्हा तपासावी लागली.

तुमचे पांढरट पंखे केसाळ आणि एक ते चार सेंटीमीटरचे असतील, तर बहुधा ते स्किझोफायलम कम्यून आहे. खाली पंख्याच्या घड्यांसारख्या पट्ट्या दिसतील आणि प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली असेल. कोरड्या हवेत या चिरा आतल्या बाजूला गुंडाळून मिटतात. एक सुकलेला पंखा पाण्यात टाका, काही वेळाने त्या उघडताना दिसतील.

हिरवी भुकटी ट्रायकोडर्मा असू शकते, पेनिसिलियमही असू शकते. नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. सूक्ष्मदर्शकाखाली पेनिसिलियम कुंचल्यासारखं दिसतं आणि त्याचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, माळेत असतात. ट्रायकोडर्माचे बीजाणू पुंजक्यांत असतात. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशींवरही वाढतं, म्हणून हिरव्या थराखाली आणखी कुणी आहे का तेही बघा. भुकटी कोरडी असताना घासू नका, आधी पाणी शिंपडा. दमा असेल तर मास्कशिवाय जवळ जाऊच नका.

छत्रीसारखी अळंबी आली तर तिची टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर वाटीखाली रात्रभर ठेवा. सकाळी उमटलेल्या बीजाणूंचा रंग हा अळंबीच्या रंगापेक्षा कितीतरी भरवशाचा पुरावा आहे. पण या ओळखीच्या जोरावर काहीही खाऊ नका. कुजक्या लाकडावर येणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटा या लहानशा तपकिरी अळंबीत यकृत निकामी करणारं ॲमाटॉक्सिन हे विष असतं आणि ती खाण्याजोग्या अळंब्यांसारखी दिसते. फोटोवरून फार तर प्रजातीच्या गटापर्यंत पोचता येतं. त्यापुढे सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए लागतो. बुरशींसाठी त्यातला आयटीएस हा भाग 2012 मध्ये ओळखखूण म्हणून सुचवला गेला.

राहिला तो पिवळा फेस. माझ्या अंदाजाने ती बुरशीच नाही. फुलिगो सेप्टिका ही श्लेष्मबुरशी असावी. नावात बुरशी असली तरी नातं अमिबाशी आहे, आणि ती लाकूड न खाता त्यावरचे जिवाणू खाते. तिच्या कडेला आत्ताच एक टाचणी टोचून ठेवा आणि उद्या सकाळी परत बघा. थर टाचणीपासून सरकलेला असेल, किंवा जागच्या जागी वाळून वर ठिसूळ पापुद्रा आणि आत काळपट भुकटी झाली असेल, तर ती श्लेष्मबुरशीच.