वरचे थर

गुलटेकडी, पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप दोनदा ऐकला. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हो काका, हो काका' करतोस आणि विषय गुंडाळतोस. म्हणून नातीच्या वहीतली पानं घेऊन बसलोय. डॉक्टरांनी पाठीसाठी तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि तू आठव्या दिवशी पोती उचलायचा हूक घेऊन गाळ्यावर हजर. वर मलाच विचारतोस, "काका, हमालीत अजून किती वर्षं निघतील?" बत्तिसाव्या वर्षी हा प्रश्न पडला, हे मला आवडलं. मला तो बावन्नाव्या वर्षी पडला, आणि तोही रात्री, अंथरुणात, कुणाला कळू नये अशा बेताने.

आधी वयाचं. कागदावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आपल्या निम्म्या टोळीची १ जूनच आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आई म्हणायची, तू पोळ्याला झालास, पण कुठल्या साली ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. तेव्हा माथाडी बोर्डाच्या कार्डावरच्या वयावरून पाठीचा हिशेब करू नकोस. ते कार्ड फंडासाठी आहे, पाठीसाठी नाही.

माझे वडील नाना पेठेत क्विंटलचं पोतं वाहायचे. शंभर किलो, एकट्याच्या पाठीवर. मग बाबा आढावांची हमाल पंचायत, मोर्चे, संप. १९६९ चा माथाडी कायदा आला, मजुरीवर व्यापाऱ्याने भरायची लेव्ही आली, फंड आला. पोतं पन्नास किलोंवर यायला मात्र पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं. आज बोर्डात तुझ्या नावावर जे जमतंय, ते कुणीतरी उन्हात बसून मिळवलेलं आहे. पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. पोतं निम्मं झालं तेव्हा वाटलं, आपलं आयुष्य दुप्पट झालं. मजुरी तर नगावर. मग आम्ही खेपाच दुप्पट मारायला लागलो. पन्नास किलोंचा कट्टा हलका लागतो म्हणून पळत न्यायचा, आणि वाकणं, वळणं, चढणं सगळं दुप्पट. वडील सावकाश चालायचे, मला आठवतंय. शंभर किलो घेऊन कुणी पळत नाही.

ससूनमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात प्लास्टिकचा मणका देऊन समजावलं होतं. दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते, तिला मोठेपणी रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दंड, मांड्या, पाठीचे स्नायू मेहनतीने भरतात. गादी भरत नाही, ती वयाबरोबर सुकत जाते, आणि एकदा दुखावली की सावरायला फार वेळ घेते. म्हणजे तुझे स्नायू तुला खोटं सांगणार. "आठव्या दिवशी बरं वाटलं" असं म्हणालास ना, ते स्नायूंचं बोलणं होतं. तीन आठवडे पूर्ण कर. आणि नुसतं दुखणं वेगळं, पण पायाला बधिरपणा आला, पंजा उचलेनासा झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर बाम चोळत बसायचं नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. इथे मुकादमाला विचारायचीही गरज नाही.

आता जे सांगण्यासाठी बसलो ते सांगतो.

पोत्यांची थप्पी तू रोज मारतोस, पण तिच्याकडे या नजरेने पाहिलं नसशील. खालचे पाच-सहा थर कुणीही लावतो. खरं काम त्याच्यावर. पाठीवर कट्टा घेऊन पोत्यांच्याच पायऱ्यांवरून चढायचं, पाय डगमगू द्यायचा नाही, आणि वर पत्र्याखालच्या उकाड्यात वाकून तो बरोबर जागी टाकायचा. एके वर्षी, दिवाळीच्या आधीची गर्दी होती, साखरेच्या गाड्या लागल्या होत्या. दुपारी चहाला बसलो असताना सहज वर बघितलं आणि चमकलो. त्या थप्पीच्या वरच्या थरात माझा एकही कट्टा नव्हता. मागे आठवत गेलो. गेल्या आठवड्यातही नव्हता. उन्हाळ्यात? तेव्हाही नाही. गाडी लागली की कुणीतरी म्हणायचं, "काका, तुम्ही खालचं बघा," नाहीतर "काका, तुम्ही जरा मोजणी धरा." मी मुकादम, मला तो मान वाटायचा. वर्षभर माझे वरचे थर पोरांनी वाहिले होते आणि शनिवारी मजुरीची वाटणी मात्र सारखी.

कुणीही एक शब्द बोललं नव्हतं.

आणि खरं सांगू, त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या टोळीत एक आबा होते. मी त्यांना हसून म्हणायचो, "आबा, बसा हो, आम्ही आहोत ना." आणि घरी येऊन बायकोजवळ कुरकुरायचो, की म्हातारा हलत नाही आणि वाटणी पूर्ण घेतो. तोंडावर आबा, पाठीमागे म्हातारा. तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून चहा पिणारी ही पोरं घरी जाऊन मला काय म्हणत असतील, याचा मी विचार केला. त्या रात्रीच तो प्रश्न पडला.

म्हणून तुला सांगतो, पाठीला विचारू नकोस. पाठ सकाळी एक सांगते, गरम पाण्याने आंघोळ केली की दुसरं. टोळीकडे बघ. तुला न विचारता कोण तुझं काम उचलतंय? गाडीतून कट्टा पाठीवर देणारे दोघं तुझ्या वेळी जरा हळू देतात का? फळीवर तुझ्यामागचा माणूस थांबून राहतो का? आपल्या कामात माणूस थकतो तेव्हा आधी शेजाऱ्याला कळतं.

मी एक शहाणपणा केला होता. पन्नाशीला एका जोडीदाराला शपथ घातली होती, की मी हळू पडलो की तू सांगायचंस. तो बोललाच नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "मी सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघून म्हणाला असतास, मग तुझं काय?" बरोबर होतं त्याचं, आम्ही एकाच वयाचे. तेव्हा तू असा माणूस धरताना आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान धर, जरा फटकळ बघ, आणि त्याने सांगितलं की वर्षभर त्याच्यावर रागावायचं नाही एवढं त्याला वचन दे. आज तुझ्या टोळीत असा कोण आहे ते मला माहीत आहे. तुला तो आवडत नाही, तेही माहीत आहे.

मी चोपन्नाव्या वर्षी हूक ठेवला. दोन वर्षं उशीरच झाला. ती दोन वर्षं केवळ लाजेत गेली. रोज वरच्या थरावर चढून दाखवायचो, आणि गुडघा गेला तो त्याच दाखवण्यात. डाव्या गुडघ्याने आता दिवे घाटात पालखीबरोबर चालता येत नाही. सासवडपर्यंत टेम्पोत बसून जातो आणि तिथे पालखीची वाट बघतो. या एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, बाकीचं चालतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात भावना कमी आणि कामं जास्त. बोर्डाच्या पासबुकातलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. वारस म्हणून अजून आईचंच नाव असेल, लग्नानंतर बदललं नसशील. अटल पेन्शन चाळिशीच्या आतच सुरू करता येते. साठीनंतर महिना ५,००० हवे असतील तर तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना ५७७ रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला १,४५४. मधल्या प्रत्येक वर्षाला हप्ता चढतो, म्हणून या महिन्यातच बँकेत जा. त्या ५,००० मध्ये तेव्हा किती भाकरी येतील देव जाणे, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. असंघटितांना पेन्शन मिळावी म्हणून बाबा आढाव २०१२ मध्ये ऐंशी पार केल्यावर दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले होते. आपण निदान बँकेपर्यंत जावं. आणि फंडाची रक्कम हातात आली की लगेच लग्नात, बंगल्याच्या स्लॅबमध्ये घालायची नाही. मी घातली. स्लॅब छान झाला. औषधाला मात्र मुलाकडे हात पसरावा लागतो.

दुसरं काम चाळिशीच्या आत शीक. टेम्पोचं लायसन काढ, नाहीतर दिवाणजीजवळ रोज अर्धा तास बसून बिलं, पावत्या समजून घे. वॉचमन व्हायचं डोक्यात असेल तर काढून टाक. आपले किती जण बिबवेवाडी-कोंढव्याच्या सोसायट्यांच्या गेटवर बारा-बारा तास उभे आहेत! गुडघे तेच, फक्त कपडे खाकी.

तुझ्या वडिलांच्या जागेवर तू लागलास, आणि तुझ्या जागेवर पुढे कोण, हा विषय घरात निघेल. मुलगा आता चौथीत आहे ना? हमालीचा बिल्ला पोरासाठी राखायचा म्हणून पाच वर्षं जास्त ओढणारे मी पाहिलेत. पोराने मागितला तर देऊ, पण त्याच्यासाठी सांभाळत बसू नकोस.

येत्या सुट्टीच्या दिवशी घरी ये. काकू पिठलं करणार आहे. येताना पासबुक आण. एमआरआयची फिल्म आणू नकोस, त्यातलं मला काही कळत नाही. आणि जिना चढून येताना कठडा धरून चढ, मी वरून बघणार आहे.

तुझा,
काका