कुठ्ठाळीचा देव मंगेशीला का?

प्रिय चिऊ,

काल फोनवर आजोबा म्हणाले, आपलं मूळ गाव कुठ्ठाळी आणि कुलदैवत मंगेशीचा मंगेश. तू लगेच विचारलंस, "मग देव दुसऱ्या गावात का राहतो?" तेवढ्यात फोन कटला, म्हणून लिहितेय.

1560 च्या सुमारास लोकांनी देव झुआरी नदीपार अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, प्रियोळला नेला; मंगेशी तिथलीच. कुठ्ठाळी तेव्हा गोव्याच्या साष्टी भागात होती, तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, देवळं पाडली जात होती. पलीकडे आदिलशाही होती. इथवर आजोबाही सांगतात. पण घरदार, शेतं टाकून माणसंही गेली, त्याचं एक मोठं कारण ते सांगत नाहीत. ते म्हणजे मुलं.

1559 साली पोर्तुगालहून हुकूम निघाला. गोव्यात ज्या हिंदू मुलाचे आई-बाप, आजा-आजी कुणीच हयात नाही, ते जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायचं, तिथे त्याचा बाप्तिस्मा करायचा, म्हणजे त्याला ख्रिस्ती करायचं. पुढे तर आई जिवंत असली तरी, बाप गेला एवढ्यावर मूल पोरकं ठरू लागलं. अगं, आपल्याकडे बाप गेला तर मूल काकाच्या घरात वाढतं, मामा त्याची मुंज करतो. त्या हुकुमाच्या हिशेबात काका-मामा नव्हतेच. मग नातलग मुलं लपवायचे, नदीपार पाठवायचे. नवरा गेल्याचं दुःख करायचं की पोराला घेऊन पळायचं, अशी वेळ त्या बायांवर आली, हे आठवलं की माझ्या पोटात कालवतं.

हा हुकूम ज्याच्या नावाने निघाला, तो राजा सेबास्तियान तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचा बाप तो जन्मायच्या आधीच वारलेला, आई त्याला तान्हा ठेवून स्पेनला परतलेली. त्याला आजीने वाढवलं, आणि त्याच्या वतीने राज्यही तीच चालवत होती.

कॉलेजात गेलेली मुलं तिथेच वाढली, त्यांचे संसार झाले. आज कुठ्ठाळीत चर्चला जाणाऱ्यांत कुणी आपल्याच रक्ताचं असेल. त्यांच्याविषयी मनात अढी ठेवू नकोस, त्या लेकरांना कुणी विचारलं नव्हतं.

जुन्या गोव्यात त्या कॉलेजाची दर्शनी कमान तेवढी उभी आहे. मे महिन्यात मंगेशीला अभिषेक झाला की तिथेही जाऊ.

तुझी,
आई