काचेतला समुद्र : दगड किती आणि कुठून?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मुलाच्या हट्टापायी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सोळा इंच उंच अशी टाकी घेतली आहे. त्यात दोन क्लाऊनफिश ठेवायचे आहेत. दुकानदार म्हणतो, मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) लागेलच. ऑफिसातला मित्र म्हणतो, लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातला जिवंत जीव वसलेला दगड टाक, फिल्टरची गरजच नाही. खरं काय? दगड किती किलो लागतील? मे महिन्यात मालवणला गावी जाणार आहोत, तिथल्या किनाऱ्यावरून दगड आणले तर चालतील का? नाहीतर घरामागे जांभा भरपूर पडला आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी मालवणचं बोलू, कारण तुमची तिकिटं काढून झाली असतील. खाजा आणा, कोकमं आणा, समुद्रातला दगड आणू नका. मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे. शिवाय दगड बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. जिवंत असो की वाळलेलं, प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे. मुंबईत कोस्टल रोड बांधताना वरळी-हाजीअलीची प्रवाळं नीट उचलून दुसरीकडे नेऊन लावावी लागली, ती यामुळेच.

जांभा घराच्या भिंतीत शोभतो, तिथेच राहू द्या. भोकं दिसतात म्हणून मोह होतो खरा, पण त्यात लोह आणि माती. आपल्याला हवा चुनखडीचा सच्छिद्र दगड. ओळखायचा कसा? वाळलेल्या दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, चुनखडी असेल तर फसफसेल. जांभा ढिम्म राहतो आणि आपला काळा दगडही. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, इतक्या स्वस्तातला प्रयोग दुसरा सापडला नाही.

आता मित्र बरोबर की दुकानदार? मित्र बराचसा बरोबर आहे, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. गाळण्याचं काम दगड करत नाही, त्यात राहणारे जिवाणू करतात. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्याने तो इथे गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. दगडाच्या पृष्ठभागावर प्राणवायू भरपूर मिळतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोल छिद्रांत प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले वेगळे जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांवाटे निघून जातो. स्पंजच्या फिल्टरला हे शेवटचं काम सहसा जमत नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच टाकी चालवून दाखवली होती. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमरची जोड दिली. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण पळीने काढतो, स्किमर पाण्यातल्या घाणीचं तेच करतो. दोन लहान माशांसाठी तो लागत नाही, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं. कॅनिस्टरही नको. त्यातला स्पंज वेळच्या वेळी धुतला नाही तर घाण तिथेच कुजत राहते. काचेला अडकवायचा लहानसा फिल्टर घ्या, त्यात फिल्टर वूल, म्हणजे गाळायचा कापूस घाला आणि दर तीन दिवसांनी ते बदला.

किती किलो? जुना ठोकताळा चार लिटरला अर्धा किलो. तुमच्या टाकीत सत्तर-बहात्तर लिटर पाणी मावतं, म्हणजे नऊ किलो झाले. मला ते जास्त वाटतं. एवढे दगड रचलेत तर माशांना पोहायला गल्लीसुद्धा उरणार नाही. हलका, भोकाभोकांचा दगड असेल तर पाच-सहा किलो पुरे. ढीग करू नका, कमान करा. दगडांच्या मागूनही पाणी खेळलं पाहिजे, जिथे प्रवाह नाही तिथे गाळ साचतो. आणि दगड आधी काचेवर टेकवा, वाळू नंतर घाला, नाहीतर एखादा खेकडा खालची वाळू उकरून कमान कोसळवेल.

कुठून आणायचा, यात मी एकदा चांगलीच पोळले आहे. एका दुकानातून ‘एकदम लाइव्ह’ म्हणून चार किलो दगड आणला होता. मे महिना, दगड कोरड्या बादलीत, वर ओलं फडकं. पिशवीला सुकटीचा वास येत होता, मी म्हटलं, समुद्रातलाच आहे, येणारच. तिसऱ्या दिवशी अमोनिया चाचणीच्या रंगपट्टीवर शेवटच्या हिरव्यापर्यंत पोहोचला आणि पाचव्या दिवशी क्लाऊनची जोडी गेली. दगडावरचा सगळा जीव वाटेतच मेला होता आणि तोच टाकीत सडत होता. चांगल्या लाइव्ह रॉकला ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्यासारखा वास येतो. नासक्या अंड्याचा वास आला तर पैसे परत मागा.

म्हणून आता मी कोरडा, कृत्रिम दगडच घेते. कायद्याची भीती नाही आणि रात्री टकटक करणारी शिकारी मॅन्टिस कोळंबीही सोबत येत नाही. जिवाणू मात्र आपल्याला वसवावे लागतात. विरजणासाठी ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतला मुठीएवढा दगड मागून घ्या. तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यातून आणा. आरओच्या पाण्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ (स्वयंपाकाचं नव्हे) घालून घनता 1.025 करा, पंप चालू ठेवा, दिवा बंद ठेवा. जुन्या मोज्यात एक कच्ची कोळंबी बांधून सोडा. वास येईल, घरच्यांना आधीच सांगा. अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट तसंच. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की जागा तयार. बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मग अर्धं पाणी बदलून मासे आणा.

उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. काचेवर खूण करा आणि जेवढं पाणी कमी होईल तेवढं गोडं आरओचं घाला, खारं नव्हे. पंख्याखाली माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज लिटरभर जातं. आणि डोंबिवलीत वीज जाते म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप आजच घ्या. पाणी थांबलं की दगडातले जिवाणूही माशांच्या वाटणीचा प्राणवायू खातात.

रोजचे आकडे लिहायची वही मुलाच्या हाती द्या. हट्ट त्याचा आहे ना.

प्रश्न : टाकी सुरू करून महिना झाला. पाणी विहिरीचं वापरतो. दगडांवर तपकिरी थर बसला म्हणून सगळे दगड बाहेर काढून नळाखाली घासले. आता पुन्हा थर आला आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नळाला नगरपालिकेचं पाणी असेल तर त्यातल्या क्लोरिनने महिनाभराची वस्ती उठवली असणार. तपकिरी थर हा डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म शेवाळाचा. पाण्यातल्या सिलिकेटवर तो वाढतो आणि नव्या टाकीत बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. विहिरीचं पाणी सोडा, आरओचं घ्या. घासायचंच असेल तर जुन्या टूथब्रशने टाकीतच घासा आणि पाणी बदलताना नळीने गाळ ओढून घ्या. पण आधी आज संध्याकाळी अमोनिया तपासा आणि तोवर माशांना खायला घालू नका.